मराठी जिभेवर एस्पेरांतो

1905 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरल्या बूलोन-सुर-मेर या गावी वीस देशांतली 688 माणसं जमली. सगळ्यांना एक भाषा येत होती, पण ती दुसऱ्या देशातल्या माणसाच्या तोंडून ऐकायची बहुतेकांची ती पहिलीच वेळ. पुस्तकावरून शिकायची, पत्रांत लिहायची, मासिकात वाचायची, असा अठरा वर्षांचा रिवाज. विरोधकांचं भाकीत ठरलेलं होतं: कागदावर हे सगळं छान आहे, पण बोलायची वेळ आली की फ्रेंच माणूस ती नाकातून बोलणार, इंग्रज निम्मे स्वर गिळणार आणि कुणाचं कुणाला कळणार नाही. जमलेल्या मंडळींनी वाद घालत न बसता मोलियरचं एक प्रहसन उभं केलं. नट निरनिराळ्या देशांतले, तालमी जेमतेम. प्रयोग पार पडला आणि उच्चाराचा प्रश्न निदान त्या सभागृहापुरता निकालात निघाला.

ही भाषा म्हणजे एस्पेरांतो. तिचा कर्ता लुडविक झामेनहॉफ वॉर्सॉतला डोळ्यांचा डॉक्टर. जन्म 1859 चा, बिआविस्तोकचा. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज पोलंडमध्ये आहे. पोलिश, रशियन, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक तिथे एकाच बाजारात वावरत आणि एकमेकांचा राग राग करत. झामेनहॉफ स्वतः ज्यू घरातला. 26 जुलै 1887 रोजी त्याने रशियन भाषेत एक चाळीस पानी पुस्तिका काढली. पैसे होणाऱ्या सासऱ्याचे. लेखक म्हणून नाव घातलं ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे आशा धरून असलेला. आत व्याकरणाचे सोळा नियम, सुमारे नऊशे धातूंची यादी आणि कापून पाठवायची काही कूपनं. एक कोटी लोकांनी तसंच वचन दिलं तर मीही ही भाषा शिकेन, असं त्या कूपनावर लिहून द्यायचं होतं. कोटी काही झाले नाहीत. 1889 मध्ये निघालेल्या पहिल्या नामावलीत हजार नावं होती.

या पुस्तिकेत उच्चारासाठी फार जागा नाही. एका अक्षराला एक आवाज, एका आवाजाला एक अक्षर, आणि आघात नेहमी शेवटून दुसऱ्या स्वरावर. झालं. शिकवणारेही हे पाच मिनिटांत उरकतात. इंग्रजी किंवा फ्रेंच माणसासाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत मग काही ठरलेले इशारे येतात. अमुक आवाज तुम्हाला जड जाईल, तमुक प्रत्यय विसराल, शब्दांचा क्रम मोकळा आहे म्हणून गोंधळू नका. मराठी माणसाने हे इशारे वाचले तर निम्म्या ठिकाणी त्याला कळतच नाही की यात अवघड काय आहे. आणि जिथे तो खरोखर अडखळतो तिथे पुस्तक गप्प असतं. सोपेपणा हा भाषेचा गुण म्हणून सांगतात, पण तो अर्धा शिकणाऱ्याच्या जिभेचा असतो. एस्पेरांतोबद्दलच्या प्रचारकी लिखाणात ही गोष्ट सहसा येत नाही, म्हणून इथे जरा तिच्याच मागे जाऊ.

लिपी अठ्ठावीस अक्षरांची. रोमनमधली क्यू, डब्ल्यू, एक्स, वाय ही चार काढून टाकली आणि सहा नवी घातली: सी, जी, एच, जे, एस यांच्या डोक्यावर छोटी टोपी आणि यू वर चंद्रकोर. या टोप्यांनी छापखान्यांना आणि नंतर संगणकांना पुष्कळ छळलं. देवनागरीत हा प्रश्नच येत नाही. साधा एस म्हणजे स, टोपीचा एस म्हणजे श. साधा जी म्हणजे ग, टोपीचा म्हणजे ज. एकटा जे मात्र य. म्हणून ‘शाळा’ हा शब्द लेर्नेयो असा वाचायचा. इंग्रजी शाळेतून आलेलं डोकं सुरुवातीला ‘लेर्नेजो’ म्हणून मोकळं होतं.

आता सी. साधा सी म्हणजे ‘त्स’ आणि टोपीचा सी म्हणजे ‘च’. इंग्रजी पुस्तकं या ‘त्स’ची फार काळजी करतात. आपल्याला तो जन्मापासून येतो. चव, चोर, चूल यांतला च आणि चहा, चित्र यांतला च वेगळे आहेत, हे मराठी पोराला कुणी शिकवत नाही. अक्षर एक, आवाज दोन, आणि चूक कधी होत नाही. तेव्हा हा टप्पा तर आपण घरबसल्या जिंकला, असं वाटतं. मग ‘सोपं’ या अर्थाचा शब्द समोर येतो: फात्सीला. आणि जीभ म्हणते, फाचीला.

याचं कारण मराठीच्या पोटात आहे. दंत्य च आपल्याकडे अ, आ, उ, ओ यांच्या सोबतीला नांदतो. ए आणि ई आले की तो पाठीमागे सरकून तालव्य होतो. ‘त्याचा’ म्हणून बघा, मग लगेच ‘त्याची’, ‘त्याचे’ म्हणा. पहिल्यात जीभ दातांशी आहे, पुढच्या दोन्हींत टाळूकडे गेली. ही सवय इतकी खोल की आपल्याला ती सवय आहे हेच ठाऊक नसतं. एस्पेरांतोला असली सवय मान्य नाही. शंभर म्हणजे त्सेंत, धडा म्हणजे लेत्सीओनो, वर्तुळ म्हणजे त्सीर्क्लो. फ्रेंच किंवा इंग्रज माणसाला ‘त्स’ सगळीकडे सारखाच अवघड. आपल्याला तो एका जागी अगदी सहज आणि दुसऱ्या जागी हट्टी. उपाय संस्कृतात सापडतो. ‘चिकित्सेत’ हा शब्द मोठ्याने म्हणावा, त्यातला ‘त्से’ पकडून ठेवावा आणि त्यावर पुढचा शब्द चढवावा. ‘त्सुनामी’ने तेवढं काम होत नाही, कारण तिथे उ आहे आणि उ तर आपला मित्रच.

दुसरी अडचण ट आणि त यांची. इंग्रजीतला टी आपण बिनदिक्कत ट म्हणतो: टेबल, टिकीट, टाइम. त्याच रोमन अक्षरांत लिहिलेली एस्पेरांतो वाचताना हात आपोआप त्याच कप्प्यात जातो, आणि ‘तागो’ (दिवस) चा ‘टागो’ होतो, ‘हुन्दो’ (कुत्रा) चा ‘हुंडो’. झामेनहॉफचा त दातांवरचा, पोलिश जातीचा. म्हणजे नेमका आपल्या ‘ताक’ मधला. इंग्रजी शिकताना जे विसरावं लागलं तेच इथे परत आणायचं. स्वरांतही असंच. ए म्हणजे नेहमी आ. ‘पात्रो’ म्हणजे वडील. रोमन अक्षरांत अ आणि आ यांना एकच चिन्ह, म्हणून आपण सवयीने ‘पत्रो’ वाचतो आणि वडिलांचं टपाल करतो.

व हा तिसरा घोटाळा. मराठीत एकच व. ओठ-दातांचा आणि दोन ओठांचा हा फरक आपण मानत नाही. एस्पेरांतो मानते. नववा म्हणजे नाउआ, त्यातला उ अर्धा, चंद्रकोरीचा. व घालून ‘नावा’ म्हटलं तर अर्थ देवळाच्या मधल्या दालनाकडे जातो. युरोप हा एउरोपो, ‘युरोपो’ नाही. उरलेल्या आवाजांबद्दल फारसं बोलायला नको. गझल ऐकणाऱ्याला टोपीचा एच, म्हणजे ख़बरमधला ख़, जमून जातो, आणि हल्ली तो बऱ्याच शब्दांतून हद्दपारही झाला आहे. टोपीचा जे म्हणजे ‘ट्रेझर’ मधला मऊ झ. जोडाक्षरांना आपण भीत नाही. ‘क्नाबो’ (मुलगा) किंवा ‘श्त्रुम्पो’ (मोजा) पाहून इतरांना घाम फुटतो, ‘कार्त्स्न्य’ लिहिणाऱ्या देशात त्याचं काय.

खरा घाम आघाताचा. मराठीत शब्दाच्या एका ठरावीक अक्षरावर जोर देण्याची पद्धत ढोबळ आहे. जोर कुठेही पडला तरी अर्थ बिघडत नाही. इथे तो शेवटून दुसऱ्या स्वरावर पडलाच पाहिजे. लेर्नी म्हणजे शिकणे, जोर ‘लेर’वर. लेर्नेयो म्हणजे शाळा, जोर ‘ने’वर. लेर्नेयेस्त्रो म्हणजे मुख्याध्यापक, जोर ‘येस’वर. शब्द लांबला की जोर एकेक घर पुढे सरकतो. फामिलीओ म्हणजे कुटुंब. इंग्रजीच्या ओढीने आपण ‘फॅ’वर जोर देतो आणि ऐकणारा क्षणभर थांबतो. माझ्या मते मराठी शिकणाऱ्याने सगळ्यात आधी याच गोष्टीचा रियाज करावा, अगदी ‘त्स’च्याही आधी. चुकीचा आवाज लोक सुधारून ऐकतात. चुकीच्या जोराने शब्दच सापडत नाही.

उच्चार बिघडला तर काय होतं याचं एक जाहीर उदाहरण आहे. 1966 साली लेस्ली स्टीव्हन्स या दिग्दर्शकाने ‘इन्क्यूबस’ नावाचा भयपट संपूर्ण एस्पेरांतोत काढला. नायक विल्यम शॅटनर, पुढे ‘स्टार ट्रेक’चा कॅप्टन म्हणून जगाला माहीत झालेला. नटांनी संवाद अर्थ न कळता पाठ केले होते. भाषा जाणणाऱ्यांनी या चित्रपटाच्या उच्चारांची आजवर टिंगल केली आहे. उलट बाजूला जॉन वेल्स. इंग्रजी उच्चारकोशांतलं हे फार मोठं नाव, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले ध्वनिशास्त्राचे माजी प्राध्यापक आणि जागतिक एस्पेरांतो संघाचे एकेकाळचे अध्यक्ष. ज्या माणसाने इंग्रजीच्या स्पेलिंगांचा आणि उच्चारांचा संसार आयुष्यभर सांभाळला त्याला एका अक्षराला एकच आवाज असलेल्या भाषेत विसावा वाटला असेल तर नवल नाही.

शब्दांकडे वळू. शाळेत असताना झामेनहॉफच्या मनात भाषा घोळत होती, पण शब्दकोशाचा आकार त्याला घाबरवत होता. हजारो शब्द कोण पाठ करणार? मग त्याच्या लक्षात दोन रशियन पाट्या आल्या, एक पहारेकऱ्याच्या खोलीची, ‘श्वेयत्सार्स्काया’, आणि एक मिठाईच्या दुकानाची, ‘कोंदितोर्स्काया’. दोन्हींच्या शेवटी तोच प्रत्यय. एका शब्दातून प्रत्ययांनी दुसरे शब्द काढता येत असतील तर कोश पाठ करायची गरजच नाही, हे त्याला तिथे सुचलं, असं त्याने पुढे एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

आपल्याला ही युक्ती नवी नाही. किसायची ती किसणी, चाळायची ती चाळणी, लाटायचं ते लाटणं. पण कापायची ती कापणी नव्हे. ती शेतात होते, स्वयंपाकघरात विळी असते. मराठी नियम सुरू करते आणि मध्येच सोडून देते. एस्पेरांतोचा ‘इल’ सोडत नाही. त्रान्ची म्हणजे कापणे, त्रान्चीलो म्हणजे सुरी. कोम्बी म्हणजे विंचरणे, कोम्बीलो म्हणजे कंगवा. श्लोसी म्हणजे कुलूप लावणे, श्लोसीलो म्हणजे किल्ली. नवशिक्याला पहिल्या आठवड्यात जो आनंद होतो तो बहुतेक याचाच. सगळीकडे दाखवतात तो नमुना मालसानुलेयो: ‘सान’ म्हणजे निरोगी, ‘माल’ म्हणजे उलट, ‘उल’ म्हणजे माणूस, ‘एय’ म्हणजे जागा, ‘ओ’ म्हणजे नाम. आजारी माणसांची जागा, रुग्णालय. पाच तुकडे, आणि प्रत्येक तुकडा पुढे शेकडो ठिकाणी कामाला येतो.

या ‘माल’वर प्रेम आणि राग दोन्ही आहेत. चांगला बोना, वाईट मालबोना. मोठा ग्रान्दा, लहान मालग्रान्दा. उजवा देक्स्त्रा, डावा मालदेक्स्त्रा. पाठ करायला निम्मे शब्द, हे खरं. पण कवींना ते जड गेलं आणि त्यांनी ‘लहान’, ‘म्हातारा’ यांसाठी निराळे धातू आणले. गाडी चालवणाऱ्याला घाईत डावं-उजवं सांगताना दोन्ही शब्दांचं शेपूट सारखं येतं, हेही बरं नव्हे. आईच्या शब्दाचं मला जास्त खटकतं. वडील पात्रो आणि आई पात्रीनो, म्हणजे ‘स्त्री-वडील’. 1887 च्या डॉक्टरला ते सुटसुटीत वाटलं. नात्यांच्या बाबतीत एकूणच ही भाषा गरीब. मामा, काका, आतोबा, मावसोबा सगळे एक ओन्क्लो. सासरच्यांसाठी ‘बो’ हा उपसर्ग, की झाले दीर, मेहुणा आणि साडू एका शब्दात बोफ्रातो. आदरार्थी ‘आपण’ही नाही; लहान मूल, सासरे आणि पोलीस तिघांनाही ‘वी’.

धातू बहुतेक लॅटिन घराण्यातले, त्याखालोखाल जर्मन आणि इंग्रजी, थोडे स्लाव्ह. आशियाला त्यात जवळपास जागा नाही आणि ‘तटस्थ भाषा’ म्हणून डंका वाजवणाऱ्यांना हा प्रश्न विचारला पाहिजे. तरी मराठी माणूस यादी चाळू लागला की ओळखीचे चेहरे दिसतात. ‘मी’ म्हणजे मीच. त्री म्हणजे तीन, देक म्हणजे दहा. देन्तो म्हणजे दात, नोमो म्हणजे नाव, नोवा म्हणजे नवा, देक्स्त्रा आणि संस्कृत दक्षिण एकाच मुळाचे. हे जुन्या नात्याचं देणं. दुसरं देणं गोव्याच्या वाटेने आलं. पोर्तुगिजांनी आपल्याला पाव दिला. त्याचं लॅटिन मूळ तेच जे एस्पेरांतोच्या ‘पानो’चं. पगारात ‘पागी’, पैसे देणे, बसलेला आहे. अननस तिथे आनानासो, तंबाखू ताबाको, खमीस चेमीझो. वसईचा पाववाला न शिकताच काही शब्द पुढे आहे. फसवेही आहेत. ‘काय’ म्हणजे आणि. ‘चार’ म्हणजे कारण. चारला म्हणायचं क्वार, आठला ओक. पुण्यात त्या आडनावाचं कुटुंब सहज भेटेल.

आपला खरा फायदा मात्र एका तक्त्यात आहे. प्रश्नवाचक आणि दर्शक शब्दांचा पंचेचाळीस घरांचा हा तक्ता बघून युरोपातले नवशिके गळाठतात. ‘की’ने प्रश्न सुरू होतो, ‘ती’ने उत्तर: कीआम–तीआम, कीआ–तीआ, कीओम–तीओम. मराठीत वाचा: केव्हा–तेव्हा, कसा–तसा, कितका–तितका. क ला त, तीच जोडी. इंग्रजीतही ती आहे, पण मोडकळीला आलेली. आपण एकाच ठिकाणी चुकतो. जेव्हा, जसा, जितका यांचा ज-वाला रकाना शोधत बसतो आणि तो नसतो. त्याचंही काम ‘की’च करते.

कर्मासाठी लागणाऱ्या ‘न’चीही हीच गंमत. इंग्रजांना तो काळ वाटतो. ‘कुत्रा मांजराला चावला’ या वाक्यात ‘ला’ लावून आपण शब्द कुठेही ठेवतो, तेव्हा ‘कातो’ला ‘न’ लावून ‘कातोन’ करणं आपल्याला सहज जमतं. मग ‘मी पुस्तक वाचतो’ म्हणायची वेळ येते. निर्जीव कर्माला आपण ‘ला’ लावत नाही, म्हणून ‘लीब्रो’चा ‘न’ राहून जातो, आणि तो राहिल्याचं आपल्याला जाणवतही नाही. ‘लीब्रोन’ म्हणायला पाहिजे. पाठ्यपुस्तकांत हा इशारा नसतो, कारण ती लिहिणाऱ्यांना सजीव-निर्जीवाचा हा भेद माहीत नसतो.

शिकवण्याचे प्रयोग पुष्कळ झाले. आंद्रेय चेह हा ट्रान्सिल्वेनियातला हंगेरियन कॅथलिक धर्मगुरू 1920 पासून वेगवेगळ्या भाषांच्या माणसांना एकाच वर्गात बसवून शिकवू लागला. मधली भाषा नाही, हातात पुस्तक नाही. तो वस्तू दाखवून विचारायचा आणि सगळा वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा. मुखदुर्बळ माणसाचा आवाज त्या कल्लोळात खपून जायचा, ही या पद्धतीची हुशारी. झामेनहॉफची धाकटी मुलगी लीदिया याच पद्धतीने युरोपभर वर्ग घेत हिंडली, 1937 मध्ये अमेरिकेतही गेली. 1938 च्या अखेरीस ती पोलंडला परतली आणि 1942 मध्ये नाझींनी तिला त्रेब्लिंकाच्या छावणीत मारलं. हिटलरने या भाषेला ज्यूंचा कट ठरवलं होतं; स्टालिनच्या राज्यात 1937-38 मध्ये एस्पेरांतो बोलणारे हेर म्हणून पकडले गेले.

आज नवशिक्याच्या हातात सहसा क्लोद पीरोन यांचं ‘गेर्दा मालापेरीस’, म्हणजे ‘गेर्दा बेपत्ता झाली’, हे 1983 चं पुस्तक येतं. पीरोन स्विस मानसशास्त्रज्ञ, त्याआधी संयुक्त राष्ट्रसंघात अनुवादक. पंचवीस प्रकरणांची ही रहस्यकथा दर प्रकरणी मोजकेच नवे शब्द वाढवत नेते. पहिली पानं बालवाडीची, शेवटची बरीच पुढची, आणि गेर्दा कुठे गेली हे कळायचं असल्याने माणूस वाचत राहतो. मी ती मोठ्याने वाचावी असं सुचवीन, जोर शेवटून दुसऱ्या स्वरावर ठेवून.

भारतात ही भाषा पसरली नाही, पण माणसं लागली. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा हस्तकला शिकायला स्वीडनला गेले आणि एस्पेरांतो घेऊन आले. रवींद्रनाथांच्या कथांचा त्यांचा अनुवाद 1961 साली ‘मालसाता श्तोनो’ या नावाने निघाला. ‘साता’ म्हणजे पोट भरलेला, तेव्हा ‘मालसाता’ म्हणजे क्षुधित; ‘श्तोनो’ म्हणजे पाषाण. भाषाशास्त्रज्ञ प्रबाल दासगुप्त 2007 ते 2013 जागतिक संघाचे अध्यक्ष होते. आणि विनोबा. टिबोर सेकेल्य नावाचा युगोस्लाव्ह भटक्या लेखक त्यांच्या पदयात्रेत सामील झाला आणि त्याने त्यांना ही भाषा शिकवली. सगळ्या भारतीय भाषांनी नागरी लिपीही वापरावी असं सांगणाऱ्या विनोबांना टोपीची अक्षरं पाहून काय वाटलं असेल ते आपण ओळखू शकतो.

एस्पेरांतोवाल्यांत एक क्रियापद आहे, क्रोकोदीली. एस्पेरांतो बोलायच्या जागी आपापल्या मायबोलीत गप्पा मारणे, म्हणजे मगरगिरी करणे. शब्द कुठून आला यावर निरनिराळ्या कथा सांगतात आणि कुठलीच पक्की नाही. वर्षानुवर्षं पहिल्याच पुस्तकात अडकलेल्या माणसालाही नाव आहे, एतेर्ना कोमेन्त्सान्तो, सनातन नवशिका. तो प्रत्येक संमेलनात येतो, हिरव्या चांदणीचा बिल्ला लावतो आणि चहाच्या सुट्टीत मगरगिरी करतो. दोन मराठी माणसं एका संमेलनात भेटली तर काय होईल हे सांगायला नको. पहिलं वाक्य सालूतोनने सुरू होईल आणि दुसरं ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ असेल.